नाही म्हणायचं बळ

माझी माय आळशी नव्हती. हे मी सगळ्यात आधी लिहून टाकते, कारण ज्यांनी तिला आळशी म्हटलं त्यांतले बरेच जण आता हयात नाहीत, आणि जे आहेत ते म्हणतात, आम्ही असं कधी बोललोच नव्हतो. बोलला होतात. ओट्यावर बसून बोलला होतात, पाण्याच्या टाकीपाशी बोलला होतात, आमच्याच स्वयंपाकघरात ती ऐकत असताना बोलला होतात. मी तेव्हा अकरावीत होते आणि माझे कान चांगले शाबूत होते.

आमचं गाव चोपड्याच्या अलीकडे. मागच्या दारातून सातपुडा दिसायचा, पुढच्या दारातून केळीचे बाग. घरात आम्ही चौघं. आबा, म्हणजे माझे वडील. अक्का, म्हणजे त्यांची मोठी बहीण. माय आणि मी. माझ्या दोन थोरल्या बहिणी सासरी गेलेल्या. अक्का लहान वयात विधवा होऊन माहेरी परतली आणि तिनंच आबांना वाढवलं, म्हणून घरात शब्द चालायचा तो अक्काचा. आबा बागेत मजुरांवर ओरडायचे, पण अक्कासमोर त्यांचा आवाज उंबऱ्याच्या बाहेरच राहायचा. अक्का दुष्ट नव्हती. बसून राहणाऱ्या माणसाला घरात जागा नसते, हे तिला फार लवकर शिकायला मिळालं होतं, आणि तेवढंच ती आयुष्यभर इतरांना शिकवत राहिली.

माय आधी कशी होती ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. तिच्या कामाला आवाज होता. सकाळी मला जाग यायची ती तिच्या भाकरी थापण्याच्या आवाजानं. तो आवाज इतका भरभर यायचा की शेजारच्या बाया म्हणायच्या, वच्छीला चार हात आहेत. कापूस वेचायला बसली की तिची ओंटी सगळ्यांच्या आधी भरायची. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी, वर ठेचा आणि कच्चं तेल, हे तिचं आवडतं जेवण; ते ती उभ्याउभ्या खायची आणि खाताना पुढच्या कामाचं बोलायची. पण तिची खरी ओळख होती ती आखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या, सणाला. आमच्याकडे आखाजीला खापरावरचे मांडे लागतात. पुरणाचा गोळा दोन्ही हातांवर घेऊन फिरवत, झुलवत, कोपरापर्यंत पसरत न्यायचा आणि उलट्या खापरावर अलगद टाकायचा. अर्ध्या गल्लीचे मांडे माय करायची. तिचे हात फिरताना मी तासन्‌तास बघत बसायचे.

ज्या आखाजीला हे सगळं बिघडलं ती मला लख्ख आठवते. चूल धडधडत होती, खापर तापलं होतं, मायनं गोळा हातावर घेतला, दोनदा फिरवला आणि ती थांबली. हात हवेत तसेच. मांडा तिच्या डाव्या मनगटावरून खाली लोंबायला लागला, मधोमध फाटला आणि पुरण राखेत पडलं. माय त्याच्याकडे नुसती बघत राहिली. ‘अगं, धर ना,’ बाया ओरडल्या. तिनं धरलं नाही. दुसरा गोळा घेतला, त्याचंही तेच झालं. शेवटी अक्कानं तिला बाजूला सारलं. ‘सननां दिनले नखरा सुचनात का व तुले?’ अक्का म्हणाली. मायच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. राग नाही, लाज नाही. मला त्या कोऱ्या चेहऱ्याची भीती वाटली.

त्यानंतरचं सगळं इतकं सावकाश घडत गेलं की कधी काय गेलं ते सांगता येत नाही. भाकरीचा आवाज मंदावला, मग दोन थापांच्या मधे मोठी सांद पडायला लागली. चालताना तिचा डावा हात हलेनासा झाला. अंगाला बांधून ठेवल्यासारखा तो राहायचा. आवाज बारीक झाला. बसली की बसली. दारात कुत्रं आलं, दूध उतू गेलं, अंगावर ऊन आलं, तरी ती जागची उठायची नाही. हातपाय थरथरत असते तर गावाला आजार दिसला असता. पण थरथर कुठेच नव्हती. ताप नाही, दुखणं नाही, खोकला नाही. धडधाकट बाई खाटेवर बसून आहे, एवढंच लोकांना दिसत होतं. गावातल्या डॉक्टरनं ताकदीची इंजेक्शनं दिली. त्यानं काही झालं नाही, तेव्हा अक्कानं निकाल देऊन टाकला. ‘हिले काही व्हयेल नही. ढोंग शे बठ्ठं.’

मी मात्र एक गोष्ट पाहिली होती, आणि ती माझ्या डोक्यातून जात नव्हती. मायच्या पुढ्यात ताट ठेवलं तर ती त्याला हात लावायची नाही. भाकरी वाळून जायची, माश्या बसायच्या. अक्का म्हणायची, अन्नावर रुसलीय. पण मी घास करून तिच्या तोंडात दिला, ठेच्याचा तिखट घास, की तिचे डोळे बदलायचे. ती चावायची, गिळायची आणि हळूच म्हणायची, ‘चांगला व्हयना.’ म्हणजे चव होती. आवड होती. तरीही ताटापर्यंत हात जात नव्हता. रुसलेलं माणूस असं असतं का? रुसलेलं माणूस घास भरवला तर तोंड फिरवतं.

आता या वयात, कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर, मायकडे काय कमी होतं त्याचं नाव मला माहीत आहे: डोपामिन. हल्लीची मुलं मोबाइलवर बोट फिरवत ‘डोपामिन मिळालं’ असं म्हणतात, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. डोपामिन म्हणजे मजा, असं त्यांना कुणीतरी सांगून ठेवलंय. वर्गात मी त्यांना उंदरांचं उदाहरण द्यायचे. मेंदूतलं डोपामिन जवळपास संपलेला उंदीर समोरच्या अन्नापर्यंत जात नाही, उपाशी राहतो. पण तेच गोड त्याच्या जिभेवर ठेवा, त्याला ते आवडतंच. आवडणं वेगळं आणि त्यासाठी उठणं वेगळं. डोपामिनचं काम मुख्यतः उठवण्याचं आहे. अमुक एक गोष्ट कष्ट करण्याच्या लायकीची आहे, चल, हात पुढे कर, असं शरीराला सांगण्याचं. पुस्तकात मी हे फार नंतर वाचलं. पाहिलं होतं आधी, आमच्या खाटेवर.

अकरावीला कॉलेजात आम्हाला प्राणिशास्त्र शिकवायला एक मॅडम होत्या. मज्जासंस्थेचा धडा चालू असताना मी तासानंतर त्यांच्याकडे गेले आणि मायचं सगळं सांगितलं. त्यांनी चालण्याबद्दल विचारलं, हाताबद्दल विचारलं, चेहऱ्याबद्दल विचारलं. मग म्हणाल्या, ‘मी काही डॉक्टर नाही. पण हे मेंदूचं असू शकतं. धुळ्याला मेंदूविकाराचे डॉक्टर आहेत, त्यांना दाखवा. उशीर करू नका.’ मी घरी येऊन आबांना सांगितलं. आबांनी उठून दार लोटलं. मग म्हणाले, ‘डोकाना डॉक्टर? लोके म्हनतीन वच्छी येडी व्हई गई. तुनं लगन कसं जमी मंग?’ आणि विषय तिथेच मिटला. निदान त्यांच्यापुरता.

आखाजीच्या त्या प्रसंगाला दीड वर्ष झालं, आणि दिवाळीनंतर अक्कानं ठरवलं. मायला तिच्या माहेरी, पिंपळनेरला, पाठवायचं. तिथे भाऊ-भावजया आहेत, त्या बघतील. ‘बरी व्हयनी ते लई येसूत,’ अक्का म्हणाली आणि माझ्याकडे वळली, ‘आन इंदूनं कालेज आजपाईन बंद. घर कोन चालाडी?’ हे तिनं मायच्या समोर सांगितलं, जणू खाट हलवायची आहे. मी आबांकडे पाहिलं. आबा जमिनीकडे पाहत होते. मी मायकडे पाहिलं. तिच्या उजव्या डोळ्यातून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायला तिचा हात वर येत नव्हता. मी ते पदरानं टिपलं, आणि त्या क्षणी मनाशी एक ठरवून टाकलं. मी भांडले नाही. ‘मायले सोडाले मीबी येस,’ एवढंच म्हटलं. बाईमाणसाला सोबत बाईमाणूस हवंच, म्हणून कुणी नको म्हणालं नाही.

चोपड्याहून धुळे, आणि धुळ्याला गाडी बदलून साक्रीवरून पिंपळनेर. धुळ्याच्या स्टँडवर उतरलो तेव्हा ऊन चढलं होतं. शेंगदाणेवाले, उसाच्या रसाचे घुंगरू, लाउडस्पीकरवरची गाड्यांची नावं. पिंपळनेरची गाडी लागली. आबांनी ट्रंक आत टाकली, खाली उतरून मायचा हात धरला. माय गाडीच्या दारापाशी आली आणि थबकली. पाय जमिनीला खिळले. मागून माणसं ढकलायला लागली. कंडक्टर वरून म्हणाला, ‘ओ मावशी, चढता का बाजूला होता? एवढा आळस बरा नाही.’ आबांनी तिला ओढलं. ती पुढे झुकली, पण पाय तिथेच. आता ती तोंडावर पडणार, असं दिसलं आणि मी मधे शिरून तिला दोन्ही हातांनी मागे घेतलं.

‘आबा, हाई गाडी जाऊ द्या,’ मी म्हटलं.

‘पागल व्हई गई का तू?’

‘आधी डॉक्टर. मंग कोठे जानं शे ते जाऊत.’

‘इंदू, तमाशा करू नको. लोके देखी ऱ्हायनात.’

‘देखू द्या. लोके तिले ढोंगी म्हनतस त्यानी लाज नही वाटत, आन डॉक्टरकडे जावानी लाज वाटस?’

आबांचा हात वर गेला. आजवर त्यांनी मला कधी मारलं नव्हतं, आणि त्या दिवशीही तो हात हवेतच राहिला. मी मायला फलाटाच्या कट्ट्यावर टेकवलं आणि स्वतः तिच्या पायांशी, खाली फरशीवर मांडी घालून बसले. स्टँडवर, शेंगांच्या टरफलांत, नव्या साडीत. सतरा वर्षांच्या मुलीनं तेव्हा असं बसायचं नसे. ‘मी उठत नही,’ मी सांगितलं. ‘तुमले अक्काले सांगनं व्हई ते सांगा, पोर रस्तामा बठी गई.’ कंडक्टरनं बेल मारली. आबांनी धावत जाऊन ट्रंक उतरवून घेतली. गाडी गेली. आबा घाम पुसत माझ्याजवळ आले आणि इतक्या हळू म्हणाले की मला नीट ऐकूही आलं नाही, ‘कोठे शे तो डॉक्टर?’

त्या डॉक्टरांचं नाव मी इथे लिहीत नाही. ते फार भिडस्त गृहस्थ होते. त्यांनी मायला चालायला लावलं, वळायला लावलं. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर भरभर आपटायला सांगितलं. तिची बोटं चारदोनदा हलली आणि विझत गेली. त्यांनी तिचा हात कोपरात वाकवून सरळ केला आणि आबांना बोलावून म्हणाले, ‘धरून बघा.’ आबांनी धरला. हात सरळ होताना मधे मधे अडकत होता, दातेरी चाक फिरावं तसा. आबा दचकले. इतकी वर्षं संसार केलेल्या बाईचा हात त्यांनी असा कधी धरून पाहिलाच नव्हता.

मी घासाचं सांगितलं. डॉक्टर खुर्ची ओढून मायच्या अगदी समोर बसले. ‘ताई, जेवण आवडतं ना? मग ताट पुढे का घेत नाही?’ आबा उत्तर द्यायला लागले तर त्यांनी हातानं थांबवलं. बाहेरच्या बाकावरचं पोर रडत होतं तेवढाच आवाज. डॉक्टर थांबले. इतका वेळ तिच्या उत्तरासाठी कुणी थांबलंच नव्हतं. शेवटी माय बोलली, ‘मन म्हनस, ऊठ. पन उठाडत नही कोनी.’

डॉक्टरांनी आबांना समजावून सांगितलं. मेंदूत खोल, खालच्या बाजूला, काळसर पेशींचा एक छोटा पुंजका असतो. त्या पेशी डोपामिन नावाचं द्रव्य तयार करतात. त्या मरायला लागल्या की स्नायूंत ताकद असते, अक्कल जागेवर असते, मनात इच्छाही असते. पण इच्छेची हालचाल होत नाही. आणि पुढे पुढे एखाद्या गोष्टीसाठी धडपडावं असं वाटणंच मंद होत जातं. काहींचे हात थरथरतात, काहींचे नाही. यांचं वय कमी आहे म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. आबांनी सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, ‘म्हंजे, साहेब, ढोंग नही हाई?’

डॉक्टर म्हणाले, ‘भाऊ, ढोंग करायलासुद्धा डोपामिन लागतं. यांच्याकडे तेवढंही उरलेलं नाही.’

गोळ्या लिहून दिल्या. त्या गोळीतल्या औषधाचं मेंदूत जाऊन डोपामिन होतं, आजार मात्र त्यानं जात नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. दवाखान्याबाहेर आल्यावर आबा म्हणाले, आता पिंपळनेरची दुपारची गाडी आहे. मी म्हटलं, चोपड्याचीही आहे. त्यांनी ट्रंक उचलली, आणि स्टँडवर आल्यावर ती चोपड्याच्या फलाटाकडे नेली.

घरी अक्कानं आम्हाला तिघांना दारात पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. आबा प्रथमच तिच्यासमोर आत शिरण्याआधी बोलले. ‘अक्का, तिना डोकामा औषध कमी शे. गोळ्या देल शेतस.’ अक्का म्हणाली, ‘गोळ्या खाईसन कोनी कामले लागस का?’ सुरुवातीला तिचंच खरं ठरणार असं वाटलं. गोळीनं मायला मळमळायचं, ती आणखीच गळून जायची. मी गोळी भाकरीच्या तुकड्यासोबत द्यायचे, वेळ चुकू द्यायचे नाही. माझं कॉलेज बंदच होतं. भाकऱ्या मी थापत होते, धुणं मी धूत होते, आणि अक्का येताजाता खाटेकडे बघून उसासा टाकत होती.

मग एका दुपारी मी फुणके उकडत होते. तुरीच्या डाळीचे, हिरवी मिरची घातलेले. वास सुटला होता. माझ्या पाठीमागे बांगड्या वाजल्या. वळून पाहते तर माय चुलीपाशी उभी होती आणि तिनं स्वतःच्या हातानं चाळणीतला गरम फुणका उचलला होता. बोटं भाजत होती म्हणून ती तो या हातातून त्या हातात टाकत होती आणि फुंकर घालत होती. कुणी भरवला नव्हता. कुणी ऊठ म्हटलं नव्हतं. ‘कढी कोठे शे?’ तिनं विचारलं. मी तिथेच खाली बसून रडले आणि ती म्हणाली, ‘रडस काबर? कढी दे ना.’

तो आजार पुढे गेलाच. गोळी वाढवावी लागली, मग गोळीचा जोर मधेच संपायला लागला, शेवटची वर्षं फार कठीण गेली. हे मी मुद्दाम लिहिते, कारण कुणी या हकिकतीला चमत्कार म्हणू नये. पण मधली बरीच वर्षं माझ्या मायला परत मिळाली, आणि ती तिनं कुणाचे उपकार मानत घालवली नाहीत.

हे घरात कळलं ते त्या फुणक्यांनंतर काही आठवड्यांनी, एका सोमवारी सकाळी. बागेत घड कापायला मजूर येणार होते. माय आता हिंडत-फिरत होती, अंगण झाडत होती, आणि अक्का त्या सकाळची वाटच बघत होती. तिनं पिठानं भरलेली परात आणून मायच्या पुढ्यात ठेवली. ‘उठनी ना आते? घे. मजूरस्न्या भाकरी थापन्या शेत.’

मायनं परातीकडे पाहिलं. मग एका हातानं ती हळूच पुढे सरकवली. ‘नही.’

‘काय नही?’

‘आज मी भाकरी नही करस. इंदूले कालेजले लई जाई ऱ्हायनू.’

अक्कानं हाताला लागलेलं पीठ झटकलं. मग तिनं कमरेवर हात ठेवले. ‘म्हंजे तुले करता येस, पन तू करत नही?’

माय तिच्या डोळ्यांत पाहून म्हणाली, ‘हां. करता येस. पन करत नही.’

मी चुलीपाशी फुंकणी धरून उभी होते. दोन वर्षं ही बाई याच स्वयंपाकघरात काम न करता बसून होती आणि सगळे म्हणत होते, ती नाही म्हणतेय. तिनं नाही म्हटलंच नव्हतं. नाही म्हणायला जे बळ लागतं, ते तिच्यापाशी नव्हतंच. ते आज आलं होतं, आणि आल्याबरोबर तिनं ते कुठे लावायचं ते ठरवलं होतं. आबा दाराशी आले होते. अक्कानं त्यांच्याकडे पाहिलं, आबांनी चपला शोधण्याचं निमित्त केलं. बऱ्याच वेळानं अक्का खाली बसली, तिनं परात स्वतःकडे ओढली आणि पिठात पाणी घातलं. पुढे कितीतरी दिवस ती मायशी बोलली नाही. मायला त्यानं काही फरक पडला नाही.

आम्ही चोपड्याला पोचलो तेव्हा पहिला तास सुरू झाला होता. ऑफिसात कारकून चष्मा वर करून बसले होते. मायनं डोक्यावरचा पदर नीट केला, मला मागे ठेवून ती टेबलापाशी गेली. अजून तिचा डावा हात चालताना हलत नव्हता. ‘हाई मनी पोर. इले वर्गमा बसाडा,’ ती म्हणाली.

‘अहो, पण इतके दिवस गैरहजर का?’ त्यांनी विचारलं.

‘घरमा काम व्हतं,’ माय म्हणाली. ‘आते नही.’

घरी मजुरांच्या भाकऱ्या अक्काच्या अंगावर पडल्या होत्या, धुण्याचा ढीग होता, अंगणात कापसाच्या गोण्या होत्या. माय सरळ त्या कारकुनाकडे बघत उभी राहिली आणि मी वर्गाकडे पळत सुटले.